तुर्फाने विणलेला पडदा

अल-मुतला, कुवेत
१२ जानेवारी

अबू सत्ताम, माझ्या थोरल्या भावा,

सलाम, आणि देवाची कृपा तुझ्या घरावर. तू, वहिनी, तुझा सत्ताम आणि मुली खुशाल असाल. इकडे आम्हीही बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमी.

कागदावर लिहितेय म्हणून हसशील. काय करू? फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि आवाजी निरोप पाठवला तर तो दुप्पट वेगाने लावून ऐकतोस, हे वहिनीनेच मला सांगितलंय. माझं बोलणं आधीच भरभर. तुझा ड्रायव्हर दर शुक्रवारी तांदूळ आणि मटण घेऊन येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो, तेव्हा हे त्याच्याजवळ देते. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय जुनीच आहे. निदान उंट तरी येताजाता वापरावा म्हटलं.

आईची काळजी करू नकोस. तुझ्या अंगणात इटलीचा संगमरवर आहे, त्यात मागाचे खुंट ठोकायला गेलो असतो तर तू आम्हालाच ठोकलं असतंस. माझं घर अर्धवट, अंगण म्हणजे नुसती वाळू. तुझ्याकडून आल्या आल्या तिने पायाने ती उकरून बघितली आणि म्हणाली, "तुझ्या घरात पहिली चांगली वस्तू दिसली." दुसऱ्या दिवशी फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ताणा लागला. तेव्हापासून गॅसवाला, पाणीवाला, सगळे त्या धाग्यांवरून उड्या मारत येतात, आणि ज्याचा पाय लागेल त्याच्या सात पिढ्यांची आई चौकशी करते. शेजारच्या प्लॉटवरचे मजूर भिंतीवरून बघत बसतात. त्यांनीच मला तांब्याच्या तारेचे तुकडे टाकायला सुरुवात केली. आता मागावे लागत नाहीत.

आता कामाविषयी. तुझ्या पुरुषांच्या बैठकीत कोणी विचारलं की तुझी बहीण नक्की करते काय, तर तू गोंधळायला नकोस. तंबूत पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी करणारा आपला सदू विणकामाचा पडदा असतो ना, तसाच पडदा आम्ही दोघी करतोय, फक्त प्रदर्शनाच्या हॉलच्या भिंतीएवढा. लोकरीचे पट्टे आईचे. त्यांच्या मध्ये मी हे शहर घालते आहे: तार, मचाणांवरची निळी जाळी, टॉवरच्या फुटक्या काचा, डांबराचे पापुद्रे, विमानातून काढलेल्या फोटोंच्या फिती. तुझ्या खात्याचे मोजणीदार खुंट्यांना बांधतात ती नारिंगी फीतसुद्धा आहे. प्लॉटवर पडलेली होती, मी उचलली. चोरी म्हणायची तर म्हण.

सुरुवातीला मी सगळं नकाशासारखं मांडलं होतं. जुनं मध्ये, नवं काठाला, एकामागून एक रिंगरोड. शहर तसंच वाढलं ना, बंदरापासून बाहेर? पण ते डोळ्यांत भरेना. मग लक्षात आलं की आपलं घर कधी असं वाढलंच नाही. तंबूला दर वर्षी नवा पट्टा जोडायचा तो मधोमध, जिथे छताला सगळ्यात जास्त ताण. जुने पट्टे एकेक घर बाहेर सरकतात, आणि झिजून झिजून काठावरून गळतात. मी सगळं उलटं केलं. टॉवर आणि तार मध्यभागी, आजीच्या हातचा विरलेला पट्टा अगदी कडेला.

यावर आईशी जे भांडण झालं ते तू ऐकायला हवं होतंस.

"तार लोकरीसारखी भिजून फुगत नाही, भोकं बुजवत नाही," ती म्हणाली. "असल्या धाग्याचा तंबू पहिल्या सरीला गळेल."

"आई, हा तंबू नाही. भिंतीवर लावायचंय."

"ज्याला भिंत आहे त्याला पडदा कशाला हवा?"

"नवं मधोमध, हे मला कोणी शिकवलं? आता नवं म्हणजे हेच आहे. तू घरातून बाहेर बघ, लोकर दिसते का कुठे?"

ती बाहेर बघत बसली. क्रेन होती, तिच्यावर कावळा होता. मग तिने तारेचा तुकडा उचलला, बोटाभोवती गुंडाळला, चावून बघितला आणि म्हणाली, "कातता येते का बघते." दुपारपर्यंत तिने चातीवर तार आणि लोकर एकत्र पिळून असा धागा काढला की मी तो गळ्यात घालून घरभर नाचले. ती म्हणाली, "मध्यभागी घाल, पण गळलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं, ते तुला कळलंच असेल.

तुझ्या बैठकीच्या दारात आपलं जे झालं ते मी विसरलेले नाही. हॉलच्या बाईंनी विणणारीचं नाव विचारलं आणि मी तिचं स्वतःचं, वडिलांच्या नावासकट, 'तुर्फा बिन्त सायेर' असं सांगितलं, एवढाच माझा गुन्हा. तू म्हणालास, "आईचं नाव भिंतीवर? येणारा-जाणारा वाचणार? झैदान मामाला मी काय तोंड दाखवू? उम नहार लिही. सगळे तिला माझ्या नावाने, नहारची आईच म्हणतात, ते नाव नाही का?" मी विचारलं, "विणलंस का तू?" तू दार लावून घेतलंस. आतल्या पुरुषांनी ऐकलं, म्हणून तुला जास्त लागलं असणार.

तर ऐक. पाटीवर 'उम नहार' लिहायला सांगितलंय. तू जिंकलास.

आई दर शुक्रवारी गाडीचा आवाज आला की ओढणी नीट करते. ड्रायव्हर एकटाच उतरलेला दिसला की म्हणते, "मटण चांगलं आहे." मला ते बघवत नाही. नाव गेलं तर जाऊ दे, मुलगा येऊ दे, असा व्यवहार मी केला, आणि तिला न विचारता केला. मग तिला सांगितलं. तिने धागे ठोकायचं हरणाचं शिंग उचललं आणि ताणा सारखा करत बसली.

गुरुवारी, पाच फेब्रुवारीला संध्याकाळी उद्घाटन आहे. पुरुषांच्या रांगेत मामांच्या शेजारची खुर्ची तुझी. ये.

तुझी वाट बघणारी, आणि बघत नाही असं दाखवणारी,
मुनायर

•

अल-मुतला
७ फेब्रुवारी

अबू सत्ताम,

सलाम. तू आला नाहीस.

वहिनीने ताप असल्याचं कळवलं. कोणाला होता ते तिने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. देव सगळ्यांना बरं करो. पण तिथे काय घडलं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळावं असं मला वाटत नाही. आतापर्यंत तुझ्या अर्ध्या जहरा गावाला ठाऊक झालंय, आणि त्यातलं अर्धं खोटं आहे.

पडदा टांगला तेव्हा मीच दोन पावलं मागे सरकले. इतके दिवस मी तो अंगणात जमिनीवर बघितला होता. उभा केल्यावर तो वेगळाच निघाला. मधोमध तारेचा तो पट्टा दिव्यांत चकाकत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना काळा-पांढरा-लाल, घोड्यांचे दात, धान्याचे दाणे, सगळी आईची नक्षी, आणि कडेच्या आजीच्या पट्ट्यातून पलीकडची भिंत दिसत होती. मला माझंच कौतुक वाटलं, नहार. नम्रपणा दाखवायचा झाला तर तो उद्यापासून दाखवीन. दोन परदेशी पाहुणे, एक मंत्रालयातले साहेब आणि आपल्या आत्यांची सगळी फौज, सगळे तोंड उघडं टाकून उभे होते. फज्जा आत्या मला म्हणाली, "अगं, ह्यात तर माझं घर आहे," आणि निळ्या जाळीकडे बोट दाखवलं. तिच्या गल्लीत वर्षभर मचाणच आहे.

आईने चाकांची खुर्ची नाकारली, काठी नाकारली, माझा हातही नाकारला. चेहऱ्यावर नवा बुरखा बांधून ती बायकांच्या पहिल्या रांगेत बसली. मध्येच वळून पुरुषांच्या बाजूला बघायची. मामांशेजारची खुर्ची रिकामी होती. कोणीतरी तिच्यावर कोट ठेवला तर मामांनी तो काठीने खाली पाडला.

भाषणं झाली. मग हॉलच्या बाईंनी माईकवरून म्हटलं, "आता हे विणणाऱ्या उम नहार यांनी कृपया पुढे यावं."

आई हलली नाही.

बाई पुन्हा म्हणाल्या. मी खाकरले. फज्जा आत्याने कोपर मारलं. आई समोर बघत राहिली. लोकांना वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही. बाई माईक सोडून जवळ आल्या, वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "उम नहार, तुम्हालाच बोलावतोय."

तेव्हा आई बोलली. माईक नव्हता, पण वाऱ्यात एका तंबूतून दुसऱ्या तंबूत हाक मारून वाढलेला गळा तो. मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"नहारची आई घरी आहे, बाई. ती भात शिजवते, नातवंडांची नाकं पुसते, तिला इथे कशाला बोलावता? हे विणलं ते तुर्फाने. तुर्फा बिन्त सायेर. तिला बोलवायचं असेल तर बोलवा."

नहार, पुरुषांची रांगच्या रांग आपापल्या बुटांकडे बघत होती. कुठे बघायचं ते कोणालाच सुचत नव्हतं. मी मामांकडे बघितलं, कारण तू त्यांचंच नाव पुढे केलं होतंस. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते काठीवर भार देऊन उठायला लागले. मला वाटलं, निघून जाणार. आज सगळं संपलं, आई भावाला मुकली आणि मी आईला तोंड दाखवायला.

ते उठले. पाय रोवले. काठी वर केली आणि छाती फाटेल असे ओरडले:

"मी तुर्फाचा भाऊ!"

बायकांची नावं चारचौघांत घेऊ नयेत म्हणणारी आपली माणसं. आणि ह्याच माणसांचे आजे-पणजे तलवार उपसताना बहिणीचंच नाव घ्यायचे, मी अमकीचा भाऊ म्हणून. गोष्टींत ऐकलं होतं आपण. खऱ्या कानांनी मी पहिल्यांदा ऐकलं, तेही ज्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं त्यांच्या तोंडून. एकदा ओरडून त्यांचं समाधान झालं नाही. पुन्हा ओरडले. मग त्यांच्यामागे कोणीतरी उभं राहिलं, मग त्याच्या बाजूचा, मग सगळी रांग. काहींनी आपापल्या बहिणींची नावं घेतली. मंत्रालयातले साहेबही उभे राहिले. त्यांनी कोणाचं नाव घेतलं ते गोंगाटात कळलं नाही, पण ओठ हलले होते. आणि बायकांनी जीभ नाचवत जी ललकारी दिली, तिने आत्यांच्या जिभा अजून दुखत असतील.

आई तेव्हा उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. पडद्याजवळ गेली, मधल्या पट्ट्यावर हात फिरवला, एक सुटलेला धागा सापडला तो नखाने आत दाबला आणि बाईंना म्हणाली, "आता लिहा."

बाईंनी तिथेच पाटी काढायला लावली. आईला वाचता येत नाही. नवी पाटी लागल्यावर तिने मला ती वाचायला सांगितली, मग फज्जा आत्याला, मग एका अनोळखी पाहुण्याला. तिघांनी तेच वाचल्यावर तिचा विश्वास बसला.

परत येताना मी गाडी चालवत होते आणि रडत होते. हे लिहायला लाज कसली. मी म्हटलं, "आई, नहारला वाईट वाटेल." ती म्हणाली, "का वाटावं? नहारची आई मी आहेच. ते नाव मला त्याने दिलं, केवढं मोठं नाव. पण त्याच्याआधी एक माझ्या आईने दिलं होतं. ते मी कुठे टाकलं नव्हतं, कोणी विचारलं नाही एवढंच." मग म्हणाली, "तू विचारलंस, आणि मग परत घेतलंस. पुन्हा असलं करू नकोस." माझी हजेरी तिने अशी अर्ध्या वाक्यात घेतली.

मी तुझ्यावर रागावले आहे का? आहे. दाराकडे मी आईपेक्षा जास्त वेळा बघितलं. तू पाटीवरच्या भांडणामुळे आला नाहीस असं मी लोकांना सांगते, पण मला खरं हे बोचतंय की तुझ्या धाकट्या बहिणीने आयुष्यात एकदा काहीतरी एवढं मोठं केलं, आणि तू ते बघायला नव्हतास. इतर सगळ्यांनी बघितलं. मला तू हवा होतास.

पडदा महिनाभर तिथेच आहे. सकाळी गर्दी नसते.

मुनायर

•

जहरा
१४ फेब्रुवारी

मुनायर,

सलाम. आईच्या पायांना माझा मुका.

मला पत्रं लिहिता येत नाहीत. खात्यात लिहितो ती 'विषय' आणि 'संदर्भ' घालून लिहितो. इथे विषय तुला माहीत आहे.

ताप कोणालाच नव्हता.

मंगळवारी सकाळी हॉलवर गेलो. तिथे शाळेच्या मुलींची सहल आली होती, म्हणून बराच वेळ मागे उभा राहिलो. त्यांची शिक्षिका त्यांना मोठ्याने पाटी वाचून दाखवत होती आणि चाळीसएक पोरी तिच्यामागून आईचं नाव घोकत होत्या. मला वाटत होतं, जमीन दुभंगेल. दुभंगली नाही. एका पोरीने विचारलं की ह्या तुर्फा कोण, तर शिक्षिकेला सांगता येईना. तेव्हा मी पुढे गेलो आणि सांगितलं. मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. त्यानंतर त्या पोरींनी मला अर्धा तास सोडलं नाही. लोकर कशी रंगवतात, उंट चावतो का, काय वाट्टेल ते. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. आईला विचारून ठेव.

काम मोठं आहे. मी पुष्कळ नकाशे बघितले आहेत, पण मी ज्या जमिनीवर रस्ते आखले ती अशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. मधल्या पट्ट्यासमोर मी किती वेळ उभा होतो ते सांगत नाही. एक चूक मात्र आहे. सहाव्या रिंगरोडचं वळण तू डावीकडे घेतलं आहेस, ते उजवीकडे हवं. नारिंगी फीत सरकारी मालमत्ता आहे.

काल रात्री बैठक भरली होती, नेहमीचे सगळे. मामाही होते. ते आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, कॉफीचा पेलाही माझ्या हातून घेत नव्हते. कोणीतरी पेपर काढला आणि म्हणाला, "अबू सत्ताम, उम नहारचं काम छापून आलंय, मुबारक हो." त्याने ते अदबीने म्हटलं, माझा मान ठेवून. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण गुरुवारचं सगळ्यांना माहीत होतं आणि मी नव्हतो हेही.

मी म्हटलं, "काम तुर्फाचं आहे. आणि माझ्या बहिणीचं."

मामांनी पेला पुढे केला, मी भरला. ते प्यायले, पुन्हा पुढे केला. मग म्हणाले, "बहिणीला नाव नाही का?"

तर ते नाव मी तिथे सांगितलं, आणि इथे लिहितो. शुक्रवारी ड्रायव्हरला सुट्टी आहे. तांदूळ आणि मटण मीच घेऊन येईन.

मुनायरचा भाऊ,
नहार